इशारा पाळण्याची मजुरी



वैशाखातली संध्याकाळ, अंगाची लाही लाही होत असलेली, आणि नागपूरकरांपुढे विषय कोणता, तर कोकण किनाऱ्याचा व त्याच्या समुद्राचा आठवड्याचा हवामान-अंदाज! कार्यक्रमपत्रिका वाचून आमच्या एका स्नेह्याने विचारले, "शून्य मैलाच्या दगडापासून समुद्र किती मैल आहे, याचा हिशेब केला आहे काय?" केला आहे. येथून कोणत्याही दिशेला निघा, शेकडो मैल जमीनच जमीन आहे. परंतु आपल्या शेतात पडणारा पाऊस अखेर समुद्रातूनच उचललेला असतो. तेव्हा समुद्राची चौकशी करण्याचा थोडा हक्क आपल्यालाही आहे.

दुसरा एक योगायोग सांगतो. १८७५ साली पुण्यास न्यायमूर्ती रानडे यांनी वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. त्याच वर्षाच्या जानेवारीत कलकत्त्यास सरकारचे हवामान खाते स्थापन झाले. दोघांनाही आता दीडशे वर्षे होऊन गेली. या दोन कामांत फरक दिसतो तितका नाही. जे थोड्यांना कळले ते पुष्कळांना वेळेवर सांगावे, हाच दोन्हींचा उद्योग. व्याख्यान ऐकून श्रोता घरी जातो आणि ते आचरणात आणतो की नाही, याची जबाबदारी व्याख्याता घेत नाही. हवामान खातेही इशारा देते, आणि पुढे तो कोणी पाळला, कोणाला पाळता आला नाही, याचा हिशेब कोणाच्याच दप्तरी नसतो. आज आम्हांस बोलावयाचे आहे ते या न ठेवलेल्या हिशेबाविषयी.

आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. आमचे शिक्षण शाळेपेक्षा युनियनच्या कचेरीत आणि फुकट वाचनालयात अधिक झाले. त्यामुळे शास्त्र सांगताना चूक झाली तर जाणत्यांनी कान धरावा. पण मजुरीच्या हिशेबात सहसा आमची चूक होत नाही, एवढे आधीच सांगून ठेवतो.

प्रथम ही इशाऱ्याची रीत कशी जन्मली ते पाहू. ५ ऑक्टोबर १८६४ रोजी कलकत्त्यावर भयंकर चक्रीवादळ आले. हजारो माणसे मेली, बंदरातली जहाजे दोरखंड तोडून एकमेकांवर आदळली. दुसऱ्या वर्षी त्या बंदराला वादळाचा इशारा देण्याची व्यवस्था झाली. पुढे दुष्काळ पडले, आणि पाऊस व वारा यांची नोंद एका देशव्यापी खात्याने ठेवली पाहिजे, हे सरकारला पटले. म्हणजे या खात्याचा जन्मच मुळी प्रेतांच्या मोजदादीतून झाला आहे. आमच्या मुंबईत तर कुलाब्याची वेधशाळा त्याच्याही आधीची, १८२६ सालची.

इंग्लंडातही असेच घडले. १८६१ साली ॲडमिरल फिट्झरॉय यांनी तारायंत्राच्या साहाय्याने बंदरांना वादळाचे इशारे पाठवण्यास आरंभ केला. त्यांच्या मृत्यूनंतर विद्वानांनी ते अशास्त्रीय ठरवून बंद पाडले. पण बंदराबंदरांतून ओरड झाली आणि इशारे पुन्हा सुरू करावे लागले. मात्र इशारे सुरू झाले म्हणून खलाशी वाचला असे नाही. मालक जुनाट जहाजे वाजवीपेक्षा जास्त माल भरून पाठवीत. जहाज बुडाले तर विम्याचे पैसे मिळत. सॅम्युएल प्लिम्सॉल नावाच्या एका लोकप्रतिनिधीने यावर वर्षानुवर्षे पार्लमेंटात भांडण मांडले, तेव्हा १८७६ साली जहाजाच्या अंगावर भाररेषा रंगवण्याचा कायदा झाला. ती रेषा आजही जगातल्या मालवाहू जहाजांवर असते. फिट्झरॉयने वादळ आधी सांगितले. प्लिम्सॉलने त्या वादळात कोणते जहाज लोटता येणार नाही ते सांगितले. खलाश्याला दोघेही हवे होते. ही जोडी ध्यानात ठेवा. आमचे पुढचे सगळे बोलणे तिच्याभोवती आहे.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. विदर्भ, मध्य प्रदेश, छत्तीसगड यांचे हवामान आपल्या नागपूरचे प्रादेशिक केंद्र सांगते. कोकणचे आणि तिकडच्या समुद्राचे मुंबईचे केंद्र सांगते. किनाऱ्यापासून साधारण ७५ किलोमीटरपर्यंतच्या पाण्यासाठी वेगळे वार्तापत्र असते. मच्छीमारांसाठी पुढील पाच दिवसांचा इशारा असतो. दर गुरुवारी पुढच्या दोन आठवड्यांचा ठोकळ अंदाज निघतो. हैदराबादला १९९९ साली सुरू झालेली महासागर माहितीची राष्ट्रीय संस्था लाटांचा अंदाज देते. हे सारे फुकट असते, आणि रोज असते.

पण हे वाचावयाचे कसे? त्यातला एकेक शब्द नापासून घेतलेला असतो. "तुरळक ठिकाणी पाऊस" म्हणजे त्या विभागातल्या जास्तीत जास्त पाव भाग केंद्रांवर, "काही ठिकाणी" म्हणजे अर्ध्यापर्यंत, "बऱ्याच ठिकाणी" म्हणजे पाऊण भागापर्यंत, त्यापुढे सर्वदूर. आपल्या अंगणात थेंब पडला नाही म्हणून वेधशाळेला नावे ठेवणारे आपण सारे या पाव हिश्शाचा विचार करीत नाही. "जोरदार पाऊस" म्हणजे चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर, "अति जोरदार" म्हणजे त्यापुढे २०४.४ पर्यंत, त्याच्याही वर "अत्यंत जोरदार". रंगांचेही तसेच. हिरवा म्हणजे चिंता नको, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, तांबडा म्हणजे आता हालचाल करा.

समुद्राची भाषा आणखी निराळी. लाट सव्वा ते अडीच मीटर असली तर समुद्र "मध्यम", अडीच ते चार मीटर असली तर "खवळलेला", चार ते सहा मीटर असली तर "अतिशय खवळलेला". यातही एक मेख आहे. अंदाजात सांगितलेली उंची ही सर्वांत मोठ्या एकतृतीयांश लाटांची सरासरी असते. एखादी सुटी लाट तिच्या जवळजवळ दुप्पट येऊ शकते. अंदाज अडीच मीटरचा, आणि समोर भिंत उभी पाच मीटरची! वाऱ्याचा हिशेबही सरळ नाही. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. ताशी ४५ ते ५५ किलोमीटरचा वारा, मधूनच ६५ चा झोत, असे शब्द ऐकून नागपूरच्या माणसाला मोटारीचा वेग आठवतो. लहान नौकेवरच्या माणसासाठी ते घरी थांबण्याचे शब्द आहेत.

बंदरात बावटे चढतात तेही अकरा प्रकारचे. पहिले दोन दूरच्या वादळाचे, तिसरा व चौथा बंदरालाच सावध करणारे, पाचव्यापासून सातव्यापर्यंत धोक्याचे, आठव्यापासून दहाव्यापर्यंत महाधोक्याचे. आणि अकरावा? हवामान कचेरीशी असलेला संपर्कच तुटला, हे सांगणारा. महाधोक्याच्याही वरचा क्रमांक संपर्क तुटण्याला दिला आहे. ज्याने हा क्रम लावला तो शहाणा माणूस असला पाहिजे.

जुन्या जाणत्या तांडेलाला हे सगळे कळत नव्हते काय? कळत होते. पहाटेचे मतलई वारे, दुपारचे खारे वारे, उधाण आणि भांग, पाण्याचा रंग, पाखरांचे परतणे, यांवर त्याने पिढ्यानपिढ्या दर्या कसला. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून नौका लोटण्याची रीत नुसती भाविकपणाची नव्हती. पावसाळी खवळ ओसरल्याचा तो अनुभव होता. परंतु काही गोष्टी किनाऱ्यावर उभे राहून दिसत नाहीत. दक्षिण महासागरात, हजारो मैलांवर वादळ होते. तिथली लांब लाट काही दिवस प्रवास करून आपल्या किनाऱ्याला येते. वारा पडलेला, आकाश निरभ्र, आणि लाट मात्र घरात शिरते. ही लाट आगाऊ सांगायला उपग्रह आणि गणितच पाहिजे. तेव्हा तांडेलाचे ज्ञान आणि शास्त्राचे ज्ञान यांचे भांडण लावण्यात अर्थ नाही.

शास्त्राच्याही मर्यादा आहेत. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच शहरातल्या कुलाब्याला सुमारे ७३. एकाच शहरात एक वेधशाळा बुडाली आणि दुसरीकडे जेमतेम श्रावणसर! आपल्याकडचे उदाहरण तर ताजेच आहे. ३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित यंत्राने ५६ अंश तापमान दाखवले. वर्तमानपत्रे तापली, पण खात्याने तपास करून यंत्रातला संवेदक बिघडल्याचे स्वतःच जाहीर केले. आमचा त्या खात्यावरचा विश्वास त्या दिवशी वाढला. चूक कबूल करणारी कचेरी विरळा. तात्पर्य, पहिल्या दोन-तीन दिवसांचा अंदाज हाताशी धरावा, सातव्या दिवसाचा नजरेत ठेवावा, आणि रोज नवा पाहावा.

असे पाहिले म्हणजे इशाऱ्याला चार उंबरठे ओलांडावे लागतात. तो खरा असला पाहिजे. तो पोहोचला पाहिजे. तो समजला पाहिजे. आणि तो पाळता आला पाहिजे. पहिल्या तीन उंबरठ्यांवर पुष्कळ काम झाले. चौथ्यावर फार थोडे झाले.

नोव्हेंबर २००९ मध्ये 'फयान' नावाचे चक्रीवादळ ११ तारखेला मुंबई-अलिबागच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातल्या कित्येक नौका तेव्हा खोल समुद्रात होत्या. आपल्याला वेळेवर काही कळलेच नाही, हेच तेव्हा सगळ्या किनाऱ्यावर ऐकू येत होते. कित्येक मच्छीमार परत आले नाहीत. हा दुसऱ्या उंबरठ्यावरचा घात. २०१७ साली ३० नोव्हेंबरला 'ओखी' वादळ केरळ-तामिळनाडूच्या टोकाशी इतक्या झपाट्याने वाढले की आदल्या दिवशी साधा कमी दाबाचा पट्टा होता तो चोवीस तासांच्या आत चक्रीवादळ झाला. दर्यात गेलेल्यांपैकी शेकडो माणसे गेली. परंतु त्याच वादळातली दुसरी गोष्ट आपण महाराष्ट्रीयांनी विसरू नये. वाऱ्याने उत्तरेकडे लोटलेल्या ६८ नौका, ९५२ मच्छीमारांसह, सिंधुदुर्गात देवगडच्या आश्रयाला सुखरूप लागल्या. बहुतेक सारे केरळचे. भाषा निराळी, पण दर्या एक. कामगारांची एकजूट म्हणून आम्ही सभांतून जे घसा फोडून सांगतो, ते देवगडच्या धक्क्यावर व्याख्यानाशिवाय झाले.

त्यानंतर पुष्कळ सुधारणा झाली. मोबाईलचा संपर्क किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर तुटतो, म्हणून उपग्रहावरून इशारा पोहोचवणारी यंत्रे आली. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघर येथे देशातल्या एक लाख नौकांवर असे संदेशयंत्र बसवण्याच्या योजनेचा आरंभ झाला. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ श्रीवर्धनजवळ दिवेआगरच्या किनाऱ्यावर आले तेव्हा इशारा आधी मिळालेला होता, हजारो लोक हलवलेले होते. माड-पोफळीच्या बागा भुईसपाट झाल्या, कौले उडाली, पण माणसे पुष्कळ वाचली. याला आम्ही विजय म्हणतो.

आणि आता मे २०२१. 'तौक्ते' वादळ. अरबी समुद्रात काय शिजते आहे ते तीन-चार दिवस आधीपासून सांगितले जात होते. महाराष्ट्राच्या हजारो मच्छीमार नौका परत फिरल्या आणि बंदराला लागल्या. गरीब मच्छीमाराने इशारा पाळला. परंतु मुंबईच्या पश्चिमेला तेलक्षेत्रात 'पी-३०५' नावाचा एक तराफा होता. तेलफलाटांवर काम करणाऱ्या मजुरांचे ते तरंगते वसतिगृह. त्याच्यावर २६१ माणसे होती. तो तेथेच राहिला. १७ मेच्या दिवशी वादळात त्याचे नांगर तुटले, तो वाहवत गेला आणि बुडाला. आरमाराच्या खलाश्यांनी उंच लाटांतून, अंधारात, १८६ जणांना काढले. त्या नौसैनिकांना जितके धन्यवाद द्यावे तितके थोडे. तरी सत्तरांहून अधिक कामगार गेले.

कायद्याने कोण दोषी हे ठरवणे न्यायालयाचे काम; आम्ही या व्यासपीठावरून निवाडा देणार नाही. आमचा प्रश्न साधा आहे. अंदाज खरा होता. तो पोहोचला होता. समजलाही असणार. मग ती माणसे समुद्रात का राहिली? त्या २६१ जणांपैकी एखाद्या वेल्डरने, एखाद्या रंगाऱ्याने, "वादळ येते आहे, मला किनाऱ्यावर जाऊ द्या," असे म्हटले असते, तर ते ऐकून घेण्याची कोणती रीत होती? नौका ज्याची, त्याने ती परत फिरवली. पण ज्याला दुसऱ्याच्या तराफ्यावर मजुरी करावयाची, त्याच्या हाती इशारा असतो आणि सुकाणू नसते. बंदरात अकरा बावटे आहेत. आमच्या मते एक बारावा हवा: इशारा कळला, पण पाळता येत नाही.

हा बारावा बावटा आम्ही प्रथम पाहिला तो तेलक्षेत्रात नव्हे, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका लहान बंदरात. असंघटित कामगारांच्या एका बैठकीसाठी गेलो होतो. पहाटे धक्क्यावर लिलाव चाललेला. सुरमई, बांगडा, टोपल्या, बर्फाचा चुरा, आणि त्यात कर्नाटकापासून नेपाळपर्यंतचे खलाशी. डोंगरात जन्मलेला मुलगा समुद्रात जाळे ओढतो, हे पोटाचे भूगोलशास्त्र पाहून आम्ही थक्क झालो. एका वृद्ध तांडेलाला आम्ही उत्साहाने मोबाईलवरचा इशारा वाचून दाखवला. तो हसला. म्हणाला, "भाऊ, ह्यो इशारा मला कालच आलाय. वारा मला दोन दिवस आधीच कळला. पण डिझेल उधारीचं, बर्फ उधारीचा, खलाश्यांना उचल दिलेली. कागद सांगतो जाऊ नको, चूल विचारते मग काय शिजवू? ह्या दोघांची गाठ तुम्ही घालून द्या, मग मी धक्क्यावर बसतो."

आम्ही तीस वर्षे मागणीपत्रे लिहीत आलो. पण इतक्या थोड्या शब्दांत लिहिलेले मागणीपत्र आमच्या पाहण्यात नाही.

हिशेब पाहा. नौकेवर उत्पन्नाचे वाटे पडतात. नौका गेली नाही तर वाटाच नाही. पावसाळ्यात यांत्रिक नौकांना बंदी असते. २०२४ साली ती १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस होती. माशांच्या विणीसाठी ती योग्यच आहे. त्या बंदीच्या दिवसांसाठी २०२० पासूनच्या केंद्र सरकारच्या मत्स्यसंपदा योजनेत पात्र मच्छीमाराचे स्वतःचे १,५०० आणि शासनाचे ३,००० असे ४,५०० रुपये तीन महिन्यांत मिळण्याची तरतूद झाली. म्हणजे महिन्याला दीड हजार. रक्कम तोकडी आहे, पण तत्त्व मान्य झाले: समाजाच्या हितासाठी घरी बसवता, तर घरखर्चाला हात लावा. मग ऑक्टोबरात, नोव्हेंबरात, मे महिन्यात सरकार जेव्हा "समुद्रात जाऊ नये" असे सांगते, तेव्हा हेच तत्त्व कोठे जाते? तो दिवस कोणाच्या खात्यावर लिहावयाचा?

आपण म्हणाल, हे कोकणचे झाले. आपला काय संबंध? संबंध या सभागृहाबाहेरच आहे. आपल्या नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची नोंद झाली. समुद्राच्या वादळाला जसे नाव असते तसे आपल्या उन्हाला नाव नसते, एवढेच. माणसे तेही मारते. किनाऱ्यावर ३७ अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार सुरू होतो, मैदानात ४० पासून. आपल्या शहरात २०१६ पासून उष्णतेसाठी कृतियोजना आहे. दुपारी बारा ते चार उन्हात काम करू नका, हा सल्ला दरवर्षी दिला जातो. सल्ला उत्तम आहे. एका इमारतीच्या कामावर नारिंगी इशाऱ्याच्या दिवशी आम्ही दुपारी दोनला गेलो. एक बाई घमेले घेऊन शिडी चढत होती. आम्ही म्हटले, "बाई, इशारा आहे, सावलीत बसा." ती म्हणाली, "दादा, ऊन पाहून बसली तर हजेरी अर्धी पडते. अर्ध्या हजेरीत लेकरायचं भागत नाही." रत्नागिरीच्या तांडेलाने आणि नागपूरच्या या बाईने एकमेकांना कधी पाहिलेले नाही. दोघांचे उत्तर एकच.

श्रोतेहो, नुसते दुखणे सांगून उठणे हे आमच्या धंद्यात पाप समजतात. उपाय काय? आम्ही नवे काही सांगत नाही. जे तुकड्यातुकड्यांनी झाले आहे ते जोडून दाखवतो.

पहिला तुकडा महाराष्ट्राचाच. १९६९ साली माथाडी कामगारांचा कायदा झाला. ज्याचा मालक रोज बदलतो अशा हमालाला रजा, भविष्यनिर्वाह निधी, बोनस कोण देणार, असा प्रश्न होता. उत्तर निघाले: प्रत्येक मालकाने मजुरीवर ठरावीक लेव्ही मंडळाकडे भरावी, आणि मंडळाने कामगाराला द्यावे. आज जे अशक्य वाटते तेही काल असेच अशक्य होते. दुसरा तुकडा दिल्लीचा. २०२१ साली हवेच्या प्रदूषणामुळे तेथे बांधकामे बंद ठेवण्याचा हुकूम झाला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने बांधकाम कामगारांच्या उपकर निधीतून त्या दिवसांचे निर्वाहवेतन देण्यास सांगितले. म्हणजे हवा बिघडली म्हणून काम थांबले, आणि थांबल्याबद्दल कामगाराला पैसे मिळाले. तिसरा तुकडा अहमदाबादच्या 'सेवा' संघटनेचा. तिने आपल्या सभासद स्त्रियांसाठी उष्णतेचा विमा काढला, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तापमान ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेल्यावर हजारो बायांच्या खात्यांत, थोडी का होईना, रक्कम जमा झाली. अर्ज नाही, पंचनामा नाही; तापमापकाने सांगितले तेच प्रमाणपत्र.

हे तीन तुकडे किनाऱ्यावर जोडा. माशांच्या प्रत्येक लिलावावर व्यापाऱ्याकडून अल्पशी लेव्ही घ्या, तेलक्षेत्रातल्या व बंदरातल्या ठेकेदाराकडून अधिक घ्या, सरकारने आपली भर घालावी. ज्या दिवशी वेधशाळा "समुद्रात जाऊ नये" असे सांगेल, त्या दिवसाची निम्मी मजुरी तरी नोंदलेल्या प्रत्येक खलाश्याच्या खात्यात आपोआप जावी. आणि ज्या तराफ्यावर, फलाटावर मजूर राहतात, तेथे इशाऱ्याचा ठरावीक अंक आला की माणसे काढणे कोणाच्या मर्जीवर न ठेवता कायद्याने बांधून टाकावे. ही आपली भाररेषा. प्लिम्सॉलने ती जहाजाच्या अंगावर रंगवली. आपण ती कराराच्या कागदावर रंगवू.

याला खर्च येईल हे खरे. लोक खोटे नोंदतील, अशीही शंका काही शहाणे काढतील. त्यांना आमचे उत्तर असे, की वेधशाळेच्या वाऱ्याला लाच देता येत नाही, म्हणून इतर योजनांपेक्षा ही योजना अधिक निर्मळ राहण्याचा संभव आहे. आणि खर्च आजही होतोच आहे. शोधनौकांचा, विमानांचा, मृतांच्या वारसांना देण्याच्या मदतीचा. माणूस बुडाल्यावर जे आपण देतो, त्यातले थोडे तो धक्क्यावर उभा असताना द्यावे, एवढेच आमचे मागणे.

येथून घरी गेल्यावर एक काम करा. उद्या नागपूरचा अंदाज पाहाल तेव्हा कोकणचाही पाहा. "मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये" ही ओळ दिसली तर ती नुसती बातमी म्हणून वाचू नका. त्या ओळीमागे किती चुली त्या दिवशी मंद पेटल्या असतील, याचा विचार करा. आणि तुमच्या घराचे, दुकानाचे बांधकाम चालू असेल, तर नारिंगी इशाऱ्याच्या दुपारी कामगाराला सावलीत बसवा आणि हजेरी पूर्ण मांडा. कायदा होईल तेव्हा होईल. तोवर हा अधिकार तुमच्या हातात आहे, त्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

दीडशे वर्षांपूर्वी वारा आधी सांगता येईल, यावर हसणारे लोक होते. आज तो सांगता येतो. पाळणाऱ्याला त्याची मजुरी देता येईल, यावर आज काही जण हसतील. आम्हांला त्याची सवय आहे.